हिरव्या पेन्सिलीची खाच

"जंगल लाल आणि गावठाण हिरवं? तिसऱ्या वर्षाला?" मॅडमनी नकाशा दिगंबरसमोर सरकवला. शेजारी विशेष विषयाचा अर्ज होता. पाच वाजता विभागाची खिडकी बंद होणार होती, आणि सल्लागार म्हणून त्यांची सही नसेल तर त्याला नकाशाशास्त्र मिळणार नव्हतं.

"चुकलं, मॅडम."

"उंचीची एकही रेषा चुकली नाही. रंगवायला कुणाला दिलं होतंस?"

"मीच रंगवला."

"मग सही कशावर करू? लोकसंख्या भूगोल घे."

दिगंबरने कंपासपेटीतून लाल आणि हिरवी अशा दोन पेन्सिली काढून टेबलावर ठेवल्या.

"हे दोन्ही रंग मला सारखेच दिसतात. मागच्या टोकाला खाचा करून ओळखतो. परवा रूममेटने मदत म्हणून सगळ्यांना टोक करून दिलं. खाचांच्याच बाजूने, खाचा तासून गेल्या."

"त्याला विचारायचंस."

"विचारलं असतं तर मला रंग ओळखू येत नाहीत हे त्याला कळलं असतं. सकाळी सबमिशन होतं. अंदाजाने रंगवलं." त्याने अर्जाकडे पाहिलं. "मला विभागातून काढून टाकाल का?"

घड्याळात पाचला सात मिनिटं बाकी होती. मॅडमनी नकाशावरच्या रेषांवरून पुन्हा एकदा सावकाश बोट फिरवलं आणि अर्जावर सही केली.

"आधी हा खिडकीवर देऊन ये. मग नकाशा परत रंगवायचाय."

तो दारापर्यंत पोचला, तेव्हा त्यांनी ड्रॉवरमधून ब्लेड काढलं होतं.

"हिरव्याला किती खाचा?"

"एक."

त्यांनी हिरवी पेन्सिल उचलली आणि दोन्ही टोकांपासून लांब, बरोबर मधोमध, एक खाच पाडली.