दादूच्या वाट्याचे मासे

तिनं बनवलेला मासेमारीचा ऑनलाइन खेळ नवा असताना त्यातल्या तळ्यावर चिटपाखरूही नव्हतं, म्हणून तिनं चार खोटे खेळाडू प्रोग्राम करून सोडले होते. गर्दी वाढल्यावर ते गुपचूप काढून टाकले. आठवड्याभरात एका निवृत्त शिक्षिकेचा मेल आला: “दादू दिसत नाही. त्याच्या दारात रोज वाट्याचे मासे ठेवते, तसेच पडलेत. आजारी आहे का हो?” शेजारचा सहकारी म्हणाला, “त्यानं खेळ सोडला म्हण आणि मोकळी हो.” तिला ते पटेना. दादू माणूस नव्हता, आपणच लिहिलेला प्रोग्राम होता, असं कळवून तिनं माफी मागितली. उत्तर आलं: “हे गेल्यापासून मी त्यालाच सगळं सांगायचे. तो ‘हं, मग?’ म्हणायचा. तळ्यावरचे बाकीचे खरे आहेत का, हे आता तुम्हाला कसं विचारू?” बाकीचे सगळे खरेच होते. बाई पुन्हा तळ्यावर आल्या नाहीत.