एकाच काडीची शाई

वहिनींच्या फळीवर सात कप होते. आठवा, कान तुटलेला, गोठ्याच्या कोनाड्यात असे. तो शेण काढणाऱ्या धुरपदाचा. बारा वर्षं वहिनी त्यात वरूनच चहा ओतत, हात लागू न देता.

देशातल्या पहिल्या निवडणुकीत वहिनी नेमक्या धुरपदाच्या मागे रांगेत आल्या.

"मला पुढे जाऊ दे गं, चुलीवर डाळ आहे."

धुरपदाचे पाय सवयीने बाजूला सरकले, मग थबकले. "माझीबी डाळच हाय, वहिनी."

बायका खो खो हसल्या. आधी धुरपदाच्या बोटाला शाई लागली, मग त्याच काडीने वहिनींच्या.

आता काम सुटलंच, असं धरून धुरपदा दुपारी गोठ्यात आली. वहिनी दारातच चिंचेने बोट घासत बसल्या होत्या.

"निघेना गं मेली! बघ बाई चोळून."

धुरपदाने चिंच घेतली आणि त्यांचं बोट धरून खसाखसा चोळलं. शाई हलली नाही. बोट कुणाच्या हातात आहे, हे दोघींच्या उशिरा लक्षात आलं. वहिनींनी ते सोडवून घेतलं नाही.

"राहू दे. चहा टाकते."

संध्याकाळी कोनाडा रिकामा होता. फळीवर आठ कप होते, एक कान तुटलेला.