काळझेपच्या तावडीतला माणूस

विशाखानं मोबाइल गादीवर पालथा टाकला. पुन्हा उचलला तरी व्हिडिओ चालूच होता. तोंडाला काळे रुमाल बांधलेली चार पोरं मुलींच्या वसतिगृहाच्या जिन्यात डबेवाल्या सटवाजीमामांना लाथा घालत होती. डबे पायऱ्यांवरून गडगडत होते. सांडलेल्या वरणात मामा हात जोडून बसले होते. आणि त्या व्हिडिओच्या शेजारी, मोठ्या कौतुकानं चिकटवलेलं, तिनंच काढलेलं चित्र होतं.

चित्र काळझेपचं, एका चित्रकथेच्या नायकाचं. काळा झगा, झाकलेला चेहरा. पोलीस पोचत नाहीत तिथं पोचणारा आणि गुन्हेगाराची हाडं मोडून अंधारात नाहीसा होणारा. डॉक्टर व्हायला लातुरात येऊन पडलेली निम्मी पोरं या चित्रकथेवरून जीव ओवाळून टाकत होती. त्यांनी मोबाइलवर एक पान काढलं होतं, त्यावर जो तो आपण काढलेला काळझेप टाकायचा. मुलींची मात्र एक वेगळीच रीत होती. रस्त्यात कुणी छेड काढली, की नाव न घेता त्या माणसाचा चेहरा त्या काळझेपच्या तावडीतल्या गुंडाला द्यायच्या. बोभाटा होत नसे आणि रागही निघून जाई. पानावरच्या सगळ्यांना हे ठाऊक होतं.

विशाखालाही ठाऊक होतं. पण रविवारी ती चित्र काढायला बसली तेव्हा तिच्या डोक्यात तसलं काही नव्हतं. चाचणीत मार्क घसरले होते, अहमदपूरहून वडिलांचा फोन येऊन गेला होता आणि तिला कुणाला तरी बदडून काढायचं होतं. गुंडाला चेहरा हवा होता. आठवला तो मामांचा. किल्लारीच्या भूकंपात अंगावर भिंत पडून त्यांचा एक गाल आत गेलेला, डोळा अर्धा मिटलेला, ओठ एका बाजूला ओढलेला. हा चेहरा रोज दुपारी जिना चढून यायचा आणि "ताई, डबा" म्हणायचा. तिनं तो हुबेहूब उतरवला, वर ओठातून लाळ गळती ठेवली. मागं जिनाही काढला, कारण जिना काढायला सोपा. "काय भयानक जमलाय!" असं चारशे जणांनी लिहिलं. महिन्याभरात पहिल्यांदाच ती खुशीत झोपली.

व्हिडिओ बंद करून ती धावत खाली उतरली तर फाटकाशी बसवराज उभा. तिच्याच क्लासमधला, त्या पानाचा कारभारी. काळा रुमाल आता नुसता गळ्यात लोंबत होता.

"ताई, आता बिनघोर राहा," तो म्हणाला. "तुमचं चित्र पाहिलं अन् लगेच वळखलं आम्ही. असा तुडवलाय, पुन्हा जिना चढणार न्हाई."

"अरे, त्यांनी मला काहीच केलं नाही!"

"घाबरू नका. तुमचं नाव कुठंच येऊ देणार न्हाई आम्ही."

आणि तो हसला. पोटभर जेवल्यासारखा हसला! त्याच्या बुटावर वरण वाळलं होतं. म्हणजे हा काळझेप. याच्यासाठी तिनं वह्यांची पानंच्या पानं काळी केली होती. चौघांनी मिळून पन्नाशीच्या एका माणसाला तुडवायचं, तेही तोंडं लपवून, आणि वर शाबासकी मागायला मुलीच्या दारात यायचं. तिला त्या हसण्याची किळस आली, त्या रुमालाची आली, त्याच्या अंगाला मारलेल्या अत्तराच्या भपकाऱ्याची आली. ती त्याला वळसा घालून निघाली.

मामांची पत्र्याची खोली दोन गल्ल्या पलीकडे होती. दारात त्यांची बायको साखराबाई चेपलेले डबे घासत बसली होती. तिच्याच हातचं विशाखा दीड वर्ष जेवत होती.

"समद्या वसतिगृहांचे फोन आले," साखराबाई मान वर न करता म्हणाली. "उद्यापासून डबा नगं म्हणतेत. असल्या माणसाला जिन्यात येऊ देणार न्हाई म्हणतेत."

मामा आत खाटेवर पडले होते. डोक्याला पट्टी, चांगला होता तो डोळाही सुजून बंद. विशाखानं एका दमात सगळं सांगितलं. चित्र तिनंच काढलं होतं. मामांचा काडीचाही दोष नाही, हे ती आजच त्या पानावर स्वतःच्या नावानं लिहिणार होती. एकेका वसतिगृहाच्या मालकाला जाऊन सांगणार होती. पोलिसांतही सोबत येणार होती. बोलता बोलता तिला जरा हलकं वाटू लागलं, आवाजालाही धार आली.

"माणसं नाहीत ती, मामा," ती म्हणाली. "मला तर त्यांची तोंडंसुद्धा बघवत नाहीत."

"लिहा, ताई," मामा म्हणाले. "सांगा समद्यांना. डबे सुरू झाले तर हिचा जीव भांड्यात पडंल." मग त्यांनी हात उचलला आणि आत गेलेला गाल झाकून घेतला. "ते चित्र पाहिलं म्या. मारताना पोरांनी डोळ्यापुढं धरलं व्हतं."

विशाखानं नजर वळवली.

"रोज डबा घेताना तुमी माझ्याकडं पाहून हसायच्या, ताई," मामा म्हणाले. "तवा बी तुमाला मी असाच दिसायचो का?"