पाचवी कोनशिला

सरकारी दवाखान्याच्या कोनशिलेवर साहेबांचं नाव कोरायची म्हाताऱ्या पाथरवटाची ही पाचवी खेप. पंचवीस वर्षांत साहेबांनी चार पक्ष बदलले, दोन घोटाळे पचवले, एकदा तुरुंगाची हवाही खाल्ली. पण दर निवडणुकीआधी त्याच ओसाड माळावर नवा दगड बसवायला चुकले नाहीत. इकडे दगडाची धूळ खाऊन पाथरवटाच्या छातीचा भाता झाला.

"यंदा तरी दवाखाना उभा राहील का, भाऊ?" खोकला आवरत त्यानं साहेबांच्या माणसाला विचारलं.

"काका, तुम्ही साहेबांचं नाव खोल कोरा. पक्षाचं तेवढं उथळ राहू द्या."

ऐन समारंभात पाथरवट खोकत खोकत दगडाशेजारीच कोसळला.



साहेबांनी माइक जवळ ओढला, "बघा, इथं दवाखान्याची किती गरज आहे, हे मी पंचवीस वर्षं सांगतोय."