एकटं सोडायचं नसतं

“मॅडम, खिडकी बंद करो. एसी चालू है,” दारावरचा रखवालदार फैज म्हणाला.

“नाही करणार,” मिल्ड्रेड म्हणाली. “आत्म्याला बाहेर पडायला वाट लागते. दोन तासांनी मीच लावीन.”

अबुधाबीतल्या शवागाराबाहेर ती सकाळी सातपासून बसली होती. आत डेक्लन होता. आयरिश इंजिनिअर, वय बावन्न, काल ऑफिसातच हार्ट अटॅकने गेला. त्याच्या गावात प्रेताला दफनापर्यंत क्षणभरही एकटं सोडत नाहीत. घरातलं घड्याळ थांबवतात, आरसे झाकतात. प्रेत धुऊन तयार होईपर्यंत कुणी मोठ्याने रडतही नाही. हे सगळं त्यानेच तिला सांगितलं होतं.

“आप वाइफ हैं?” फैजने विचारलं.

“नाही.”

त्याने आपली खुर्ची तिला आणून दिली.

दहाला तिचा मोठा भाऊ हिलरी आला, हॉटेलच्या युनिफॉर्ममध्येच.

“ऊठ. त्या माणसासाठी बसतेस इथे? वसईत कळलं तर आपल्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

“कळू दे.”

“व्हर्ननची तरी लाज ठेव! नवरा होता तो तुझा.”

“त्याचं नाव तू काढू नकोस.”

“मग माझ्या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस.”

“नाही ठेवणार.”

हिलरी गेला. तिने हात मांडीखाली दाबून धरले. डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही.

दुपारी सुपरवायझर आला. “खलास, बस झालं, सिस्टर. इथे बसायची परवानगी नाही. पोलीस बोलवीन.”

“बोलवा. दोघांनी उचलून नेलं तरच मी इथून जाईन.”

त्याने फैजकडे पाहिलं. फैज छताकडे बघत उभा राहिला. सुपरवायझर पुटपुटत निघून गेला.

चारच्या सुमाराला डेक्लनची बायको नूला एअरपोर्टवरून थेट तिथे आली. हातात बॅग तशीच. मिल्ड्रेडला पाहून ती थबकली. फैजने हलक्या आवाजात काही सांगितलं, तशी तिने मिल्ड्रेडला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“सकाळपासून इथून हलल्या नाहीत म्हणे तुम्ही,” ती कोरड्या आवाजात म्हणाली. “तुम्ही त्याच्या कोण?”

मिल्ड्रेड उठून उभी राहिली. तिने नजर झुकवली नाही.

“दोन वर्षांपूर्वी इथेच, मुसफ्फा भागात, माझा नवरा तुमच्या मिस्टरांच्या गाडीखाली गेला,” ती म्हणाली. “मी वसईहून येईपर्यंत दोन दिवस ते ह्याच दारात बसून होते.”