साठपैकी साठ

मुलांनो, एक टेबल डोळ्यांसमोर आणा. टेबलावर छापील निबंधाच्या प्रतींचा गठ्ठा आहे, खाकी पाकिटं आहेत, डिंकाची बाटली आहे. खुर्चीत तुम्ही बसला आहात आणि पाय जमिनीला टेकत नाहीत. तुमचं नाव मोहिनी, वय दहा. पाकिटांवर पत्ते तुम्ही लिहायचे, कारण बाबांचं अक्षर पोस्टमनला लागत नाही.

पंचवटीतल्या त्या घरात १९९७ सालच्या मार्चमधली दुपार होती. मोहिनीचे बाबा, डॉक्टर वाल्मीक आहेर, यांनी हिवतापाच्या एका नव्या गोळीवर निबंध लिहिला होता. कळवणच्या वरच्या पाड्यांवरच्या साठ मुलांना ती गोळी दिली आणि साठच्या साठ बरी झाली, असं त्यात छापलं होतं. परदेशातले डॉक्टर कार्ड पाठवून त्याची प्रत मागत.

“दाखले किती झाले गं?” बाबांनी विचारलं.

बाबांच्या निबंधाचा दाखला कोणकोणत्या निबंधांत दिलाय, त्याची यादी मुंबईच्या एका मित्राने लायब्ररीतून काढून पाठवली होती. मोहिनीने ती बोटाने मोजली. “अठ्ठ्याऐंशी.”

“म्हणजे अठ्ठ्याऐंशी निबंधांनी आपल्या निबंधावर भरवसा ठेवला. आणि हे आजचं पत्र बघ, आफ्रिकेतून आलंय. पुढच्या महिन्यापासून दोन हजार मुलांना आपली गोळी देणार आहेत, म्हणून प्रत मागितलीय.”

तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. पायात धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला.

“डॉक्टरसायेब हेच ना? मी कुसाबाई, कळवणकडची. भाजीच्या टेम्पोत बसून आले. कंपाउंडरनं घर दावलं.” तिने कनवटीतून एक पिवळं कार्ड काढलं. “हे द्यायचं राहिलं व्हतं. तुमच्या मानसानं बजावलं व्हतं, कार्ड हरवायचं नाय, परत द्यायचं.”

डॉक्टरांनी कार्ड वाचलं. क्रमांक एकतीस. दत्तू, वय चार.

“वा, आजी! इतकी वर्षं जपून ठेवलंत. नातू कसा आहे?”

“त्यो नाय ना, सायेब. गोळ्या खाल्ल्या, चार दिस खेळला, मंग ताप परत आला. तवाच मुकादमाचा ट्रक आला. त्यो काय थांबतो? द्राक्षाच्या कामाला खाली उतरलो. दत्तूला पाटीत घालून नेला. तिथंच गेला.”

डॉक्टर म्हणाले, “चहा घ्या.”

“नको. टेम्पो जाईल.” कुसाबाई गठ्ठ्याकडे बघत राहिली. “लय लिवलंय की तुम्ही. आमच्या दत्तूचं हाय का यात?”

मोहिनीने बाबांकडे पाहिलं.

“आहे,” डॉक्टर म्हणाले.

कुसाबाईने मान हलवली आणि ती गेली.

“बाबा, एकतीस नंबर तर मेला. मग साठपैकी साठ कसे?”

“चौदाव्या दिवशी तपासणीला आपली जीप पाड्यावर गेली, तेव्हा तो घरी नव्हता. आजारी पोर जीपची वाट बघत पडून राहतं, मोहिनी. बरं झालेलं कशाला थांबेल? जे घरी नव्हते ते बरे, असं आम्ही धरलं.”

“घरी नव्हते असे किती जण होते?”

कपाटात मुलांच्या नोंदींची वही होती. डॉक्टरांना ती उघडावी लागली नाही.

“नऊ.”

“मग बाकीचे आठ?”

बाबांनी पिवळं कार्ड दुमडलं, आणखी एकदा दुमडलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. आफ्रिकेचं पत्र उचलून पुन्हा वाचलं. ते वाचताना त्यांचे ओठ हलत होते, शाळेतल्या मुलासारखे.

“छापून झालंय ते,” शेवटी ते म्हणाले. “अठ्ठ्याऐंशी ठिकाणी गेलंय. आता ते माझ्या हातात आहे का? चल, पाकिटं आवर. पाच वाजेच्या आत पोस्टात पडली पाहिजेत. आफ्रिकेचं सगळ्यात वर ठेव.”

ते बाहेर गेले. अंगणात त्यांनी स्कूटर एका अंगावर कलती करून सरळ केली आणि किक मारली. स्कूटर सुरू झाली नाही. त्यांनी दुसरी किक मारली.

आता त्या खुर्चीत तुम्ही आहात. बाबा ओरडत नाहीत, मारत नाहीत. ते फक्त बाहेर वाट बघत आहेत.

मोहिनीने काय केलं ते सांगतो. सतरा पाकिटं चिकटवून झाली होती. तिने पाण्याच्या पेल्यात बोट बुडवलं, आफ्रिकेच्या पाकिटाच्या डिंकावरून फिरवलं आणि कडा अलगद सोडवली. आतली प्रत बाहेर काढली आणि ‘साठपैकी साठ’ छापलेलं पान उघडलं. मग दातांनी पेनाचं टोपण ओढलं.