पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पाऊस

पडद्यावर तो आलेख आला आणि मोरेश्वरांच्या तोंडचं पाणी पळालं.

सौंसरच्या एका सभागृहात विद्यापीठाचं विज्ञान-व्याख्यान रंगात आलं होतं. चालू संशोधन लोकांना त्यांच्या भाषेत सांगायचं, असा तो उपक्रम. या भागातला पाऊस कसा बदलत गेला हे डॉक्टर श्रुती बाई सांगत होत्या, आणि त्यांचा सगळा भरवसा होता मोरेश्वरांच्या तेहतीस वर्षांच्या नोंदींवर. पांढुर्ण्याच्या एका कचेरीच्या आवारातलं पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला उघडायचं, बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, आकडा लिहायचा. कारकुनी सांभाळून केलेल्या या कामाची आजवर कुत्र्यानंही दखल घेतली नव्हती. आज शेवटी त्यांना शाल मिळणार होती. त्यासाठी ते इस्त्रीचा सदरा घालून बसने आले होते.

"एक कोडं मात्र सुटत नाही," श्रुती बाई म्हणाल्या. "ऐन पावसाळ्यात दरवर्षी एक दिवस साफ कोरडा. शून्य. तारीख बदलते, पण दिवस नेमका श्रावणातल्या अमावास्येनंतरचा. चंद्राचा इथल्या पावसाशी काही संबंध आहे का, यावर आमचे दोन विद्यार्थी वर्षभर डोकं शिणवताहेत."

तेवढ्यात मागून एक जण ओरडला, "मॅडम, त्या दिवशी गोटमार राहते ना जी!"

सभागृह हसून लोटपोट झालं. बाई साताऱ्याकडच्या, त्यांना काही कळेना. शेवटी आयोजकांनी समजावलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात. त्या धुमश्चक्रीत पाऊस कोण मोजणार?

मोरेश्वर सावरगावचे. कचेरी नदीपलीकडे.

गप्प बसता आलं असतं. शालीचं त्यांना एवढं काही नव्हतं, पण आता तेहतीस वर्षांचं सगळंच लोक खोटं म्हणतील, याची त्यांना धास्ती होती. तरी ती दोन पोरं उगाच चंद्राच्या मागे लागली होती. ते उभे राहिले.

"मॅडम, शून्य मीच लिवलं. पहिल्या वर्षी गेलो होतो मोजाले. येताना दगड लागला, तीन टाके पडले." त्यांनी कपाळावरची खूण दाखवली. "मंग बायकोनं शपथ घातली. गोटमारीच्या दिवशी नदी ओलांडाची नाही. मोजला नाही असं लिवलं असतं त साहेबानं मेमो देला असता."

रजनीची शपथ म्हणजे काय चीज होती, ते त्यांनाच ठाऊक. त्या दिवशी ती सकाळपासून दारात ठाण मांडून बसे. साडेआठ वाजले की मोरेश्वरांची चुळबुळ सुरू होई. "काय पाहून राहिले नदीकडं? तुमच्या त्या डब्ब्यापेक्षा डोकं महाग हाय," ती म्हणे. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नाही. शेजारणीपाशीसुद्धा 'यांना' या अर्थी नुसतं 'यायले': 'यायले चहा पाह्यजे, यायले उशीर झाला', एवढंच. पर्जन्यमापकाला ती सवत मानते, असं मोरेश्वर चारचौघांत गमतीनं सांगत. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. शपथ ते अजून पाळत, पण आता त्या दिवशी त्यांना कोणी अडवत नसे, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटे.

"म्हणून दुसऱ्या दिवशीचा आकडा मोठा येतो होय!" श्रुती बाईंचा चेहरा उजळला. "दोन दिवसांचं पाणी एकत्र. म्हणजे एकूण पाऊस बरोबरच आहे, काका. पण ते पहिलं वर्ष सोडलं तरी आणखी एका वर्षी शून्य नाही. पंच्याण्णव साली एकतीस पूर्णांक सात मिलिमीटर."

"त्या वर्षी मी नागपूरले दवाखान्यात होतो. अपेंडिक्सचं ऑपरेशन. पोरं लहान म्हणून बायको घरी होती. काम यशवंतरावकडं होतं. त्यायनंच मोजला असन."

बोलता बोलता ते अडखळले. कचेरीतले यशवंतराव तर पोळ्याला न चुकता रामाकोना या आपल्या गावी जात आणि तीन दिवस तोंड दाखवत नसत. त्या महिन्याचा तक्ता त्यांनी परस्पर वर पाठवला होता. मोरेश्वरांनी तो कधी पाहिलाच नव्हता.

बाईंनी ते पान पडद्यावर मोठं केलं. सगळ्या ओळी यशवंतरावांच्या तिरप्या अक्षरात होत्या. एकच ओळ निराळी होती. त्या ओळीतल्या सातला लांबलचक शेपूट होतं. लोणच्याच्या बरण्यांवर तारीख घालताना रजनी असाच सात काढायची. तिनं भरलेली शेवटची बरणी अजून त्यांच्या फडताळात होती.

मोरेश्वरांनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. जिनं त्यांना नदी ओलांडू दिली नाही, ती त्या दिवशी स्वतः पूल ओलांडून गेली होती. त्यांची वही एक वर्ष तरी खरी राहावी म्हणून. आणि ते दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं हे सांगितलं असतं, तर पुढल्या वर्षी तिची शपथ त्यांनी कशाला पाळली असती?

"शेऱ्यात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय," श्रुती बाई वाकून वाचू लागल्या. "'यशवंतभाऊ, यायले सांगू नका.' हे कुणापासून लपवलंय? साहेबांपासून?"

पुढच्या रांगेतल्या बायकांना ते केव्हाच कळलं होतं. त्या पडद्याकडे न बघता मोरेश्वरांकडे बघत होत्या.

"काका, हे 'यायले' म्हणजे कोण?"

"मी जी," मोरेश्वर म्हणाले. "आज तुम्हीच सांगतलं मले."